गावोगावची तलवार

सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक गावांना आमच्या अब्बांनी एकेक शूर पुरुष मिळवून दिला. कुणी मागितला नव्हता. पण अब्बांचं म्हणणं असं, की माणूस शिदोरी बांधून, पोराबाळांसकट उजाडताच घराबाहेर पडतो, दिवसभर दुसऱ्यांचे वाडे आणि दुसऱ्यांचे बुरूज बघत फिरतो, आणि त्यात त्याला आपल्या गावाचं काहीच दिसलं नाही, तर त्या बिचाऱ्यानं उन्हात यायचं कशाला? म्हणून ते देत. सढळ हातानं देत. त्यांची स्वतःची एक जीप होती आणि तिच्यातून ते लोकांना भुईकोट, सिद्धेश्वराचं तळं आणि मग अक्कलकोट असं दिवसभर फिरवून आणत. पावसाळा चांगला झाला की शेजारच्या जिल्ह्यातल्या नळदुर्गाच्या पाणीमहालापर्यंतही मजल जाई. त्या काळी आमच्या भागात असा धंदा करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि अब्बांच्या जिभेइतकी जीभ त्यातल्या एकालाही नव्हती.

आम्ही विजापूर वेशीजवळ राहत होतो. दोन खोल्या, पुढे हात-दोन हात ओटा, आणि ओट्याला नाक लावून उभी जीप. तिचं अर्धं अंग आमच्या दारात आणि अर्धं शेजाऱ्यांच्या. पहाटे गिरणीचा भोंगा होई, त्याच्या आधी अम्मीचा स्टोव्ह फुरफुरायला लागे. मागच्या गल्लीत तेलुगू विणकरांचे माग होते, त्यांची खटखट दिवसभर चालू. इतकी सवय झाली होती, की सणाला माग बंद राहिले की मला अभ्यास सुचत नसे. सकाळचं खाणं म्हणजे खिचडी आणि चिंचेचा खट्टा, अब्बांच्या डब्यात मात्र कायम कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती भाकरी मोडताना पापडासारखी वाजते. अब्बा गाडी चालवता चालवता ती खात आणि तोंडानं गोष्ट सांगत. मागं बसलेल्याला कुठला आवाज भाकरीचा आणि कुठला तलवारीचा, हे कळायला वेळ लागे.

त्यांची पद्धत ठरलेली होती. निघायच्या आधी ते सगळ्यांना नाक्यावर चहा पाजत आणि चहा पिता पिता विचारत, ‘पाव्हणं, गाव कुठलं म्हणायचं?’ बस्स, तेवढंच. गाव कळलं की काम झालं. एका फेरीला शक्यतो एकाच गावची माणसं घ्यायची, दोन गावं एका जीपमध्ये बसवायची नाहीत, हा त्यांचा नियम. मला वाटायचं, गावागावांत भांडणं नकोत म्हणून असेल. खरं कारण पुढं समजलं.

अक्कलकोट म्हणजे जुनं संस्थान. लोक येत ते मठात दर्शनाला, पण अब्बा त्यांना राजवाड्याकडे वळवल्याशिवाय सोडत नसत. तिथल्या शस्त्रागारात भाले, कट्यारी, बंदुका, ढाली अशा काही मांडलेल्या, की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. बहुतेक शस्त्रांजवळ चिठ्ठी असे, अमुक राजेसाहेबांची, तमुक सरदारांची. एका कोपऱ्यात मात्र एक तलवार होती, तिला चिठ्ठी नव्हती. टोक मोडलेलं, मूठ साधी, ना सोनं ना नक्षी. येणारे जाणारे तिच्याकडे बघतही नसत. अब्बा नेमके तिच्यापुढे थांबत. आधी काहीच बोलत नसत. लोक गोळा झाले की हळूच म्हणत, ‘ही तुमच्या गावची.’

मग गोष्ट. शत्रू दरवाज्यापर्यंत आलेला, आतले सगळे मागे हटलेले, आणि दारात एकटा उभा कोण? कुंभारीचा गडी. किंवा माळशिरसचा, किंवा करमाळ्याचा, ज्या दिवशी जो असेल तो. दार लागेपर्यंत तो हलला नाही, दाराच्या लाकडात तलवारीचं टोक मोडून राहिलं, आणि दार लागलं तेव्हा तो बाहेर होता. ‘बाहेर होता’ म्हणताना अब्बांचा आवाज असा काही पडे, की बाया पदर डोळ्याला लावत. शत्रू कोण, हे मात्र ते कधीच सांगत नसत. कुणी खोदून विचारलंच तर ‘तिकडून आलेले’ म्हणत आणि हातानं नुसतीच एक दिशा दाखवत. ती दिशाही दर वेळी वेगळी असायची.

सुट्ट्यांमध्ये मी त्यांच्याबरोबर जात असे. जीपमध्ये बायका असल्या की एक मुलगी बरोबर असलेली बरी, म्हणून अब्बा नेत. मी तेव्हा अकरावीला होते, इतिहासाचं पुस्तक मला तोंडपाठ होतं, आणि अब्बांच्या गोष्टी ऐकताना माझ्या कानशिलांना जाळ लागायचा. घरी आल्यावर मी अम्मीकडे तक्रार करी. अम्मी भाकरी थापता थापता मान न वळवता म्हणे, ‘इत्ता झूट कायको बोलते जी?’ अब्बा हात धूत म्हणत, ‘झूट कहाँ? कोई तो खडा हुआ होयेंगा ना उदर.’ यावर अम्मी पीठ झटकायची. माझं समाधान होत नसे. पुढे मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, मुलांच्या निबंधातल्या थापांना लाल शाईनं गोल केले. त्या सवयीची सुरुवात त्या जीपमध्येच झाली असणार.

परवा नातीबरोबर तेच शस्त्रागार बघायला गेले. आता लोक मोबाईल कानाला लावतात आणि त्यातून एक बाई त्यांना इंग्रजीत सगळं सांगते. तिनं सांगितलेलं खरं असेल, पण ती कुणाला गाव विचारत नाही. असो.

तर एकदा थंडीच्या दिवसांत नातेपुत्याकडची माणसं आली. मेंढपाळ कुटुंब, खांद्यावर घोंगडी, आणि सगळ्यांत पुढे म्हातारे भिकाआबा. फारसे बोलत नव्हते. भुईकोटाच्या बुरुजावरही गप्प, तळ्यावरही गप्प. शस्त्रागारात अब्बांनी आपली नेहमीची गोष्ट सांगितली, दार लागलं, गडी बाहेर राहिला. नेहमीप्रमाणे बायांनी डोळे पुसले. भिकाआबा तसेच उभे. मग त्यांनी विचारलं, ‘नाव काय हुतं त्येचं?’

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गाव मिळालं की लोक खूश होत. अब्बांची जीभ पहिल्यांदाच अडखळलेली मी पाहिली. मग ते म्हणाले, ‘सुभाना.’

‘सुभाना,’ आबांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग आमच्याकडे वळून, लाजल्यासारखे होऊन सांगितलं, की आमच्यात आजाच्या मागचं नाव कुणाला ठावं न्हाय, मेंढरामागं फिरणाऱ्याचं कोन लिहून ठेवतंय. तलवारीच्या समोर ते खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मला त्या दिवशी अब्बांचा फार राग आला. निघताना अब्बांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, ‘खंडेनवमीला या आबा, तलवारीला हळद लागते त्या दिवशी.’ हे आमंत्रण ते सगळ्यांनाच देत. देत आणि विसरून जात.

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, शस्त्रांच्या पूजेचा. आमच्याकडे त्या दिवशी जीपला आंघोळ असे. अब्बा स्वतः झेंडूची माळ बॉनेटला बांधत, अम्मी लिंबू-मिरची लटकवी, आणि शेजारच्या विणकरीण काकू येऊन जीपच्या कपाळाला कुंकू लावत, कारण ते काम आम्हांला नीट जमत नसे. त्या वर्षीही झेंडू मिरवत आम्ही निघालो. गाडीत शहरातली मंडळी होती. अब्बा खुशीत होते. राजवाड्याच्या फाटकातून शिरतानाच त्यांनी सुरुवात केली होती, ‘आतमध्ये एक तलवार आहे, आणि सांगू का, ती तुमच्या सोलापूरच्याच एका...’

आणि ते थांबले. शस्त्रागाराच्या पायऱ्यांपुढे जत्रा भरली होती. उजनीकाठची मंडळी ट्रॅक्टर घेऊन आलेली, ट्रॉलीत केळीचे घड. कुंभारीचे लोक नारळ आणि हलगी घेऊन आलेले. आणि एका बाजूला, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत असे, भिकाआबा, त्यांची सून, आणि सुनेच्या कडेवर टोपडं घातलेलं तान्हं मूल. पायरीवर वाड्याचे कारभारी उभे होते. गृहस्थ घरी कानडी बोलणारे, रागावले की मराठीत कानडी मिसळे. ते दोन्ही हात पसरून विचारत होते, की एक तलवार तीन गावांची कशी? कुणी सांगितलं तुम्हांला? त्यावर तिन्ही गावांनी एकदमच वळून फाटकाकडे बोट केलं.

‘एनरी दस्तगीरभाई,’ कारभारी म्हणाले, ‘या. तुमचीच वाट बघत होतो.’

त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं. ही तलवार कुणाची ते आत्ता इथं खरं सांगायचं. नाहीतर उद्यापासून या फाटकातून तुमची जीप आत येणार नाही. अक्कलकोट तुटलं तर आमच्या फेरीत उरतं काय, हे मला कळत होतं. आमची चूल त्या फाटकावर चालत होती. तरी खरं सांगू? मला आतून बरंच वाटलं. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. अब्बांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांच्या तोंडावर काहीतरी जुळवाजुळव चाललेली मला दिसत होती. तीन गावांचे तीन भाऊ वगैरे काहीतरी त्यांनी नक्की रचलं असतं, आणि पटवूनही दिलं असतं.

तेवढ्यात भिकाआबा पुढे आले. गर्दीचं, भांडणाचं त्यांना काहीच नव्हतं. सुनेच्या कडेवरच्या मुलाचं तोंड त्यांनी अब्बांकडे वळवलं आणि म्हणाले, ‘हा बघा आमचा सुभाना.’

आबांनी सांगितलं ते असं. सुनेची आधीची दोन लेकरं आठवडाभरही राहिली नव्हती. हेही जन्मलं तेव्हा रडलं नाही, निळं पडलं होतं, दवाखान्यातल्या बाईंनीही आशा सोडली होती. आबांना ती तलवार आठवली. एवढा दारात उभा राहणारा आपल्यात होऊन गेला म्हटल्यावर त्याचंच नाव द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि नाव ठेवलं त्या दिवसापासून पोर दूध ओढायला लागलं. आज त्याचं कपाळ तलवारीला टेकवायला आणलं होतं. आबा म्हणाले, ‘नावानं राखला बगा भाई. न्हायतर हेबी गेलं आसतं.’

अब्बा पायरीवर बसले. मी त्यांना एवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मघाशी मला जे व्हायला हवं होतं ते आता नको झालं. कारभारी चार शब्द सुनावतील, गावं रागावतील, ते सोसता आलं असतं. पण या बाईला काय सांगायचं? की तुझं पोर ज्या नावावर जगलं ते नाव कुणाचंच नाही? मी मनात म्हणत होते, अब्बा, आज एक दिवस थाप मारा. काहीही सांगा, पण मारा.

त्यांनी मारली नाही. हात जोडून ते खाली मान घालून बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण त्यांचा तो गोष्टीतला आवाज नव्हता. म्हणाले, की मला माहीत नाही ही कुणाची. कुणालाच माहीत नाही. राजांच्या तलवारींना चिठ्ठ्या आहेत, हिला नाही, म्हणून जो येईल त्याला मी ती देत गेलो. तुम्हांला बरं वाटायचं आणि मलाही बरं वाटायचं. सुभाना कुणी नव्हता. आबा, मला माफ करा.

हलगीवाल्यानं हलगी काखेत मारली. उजनीकाठच्या एकानं अब्बांना दोन शिव्या दिल्या, त्या रास्त होत्या. कुणीतरी म्हणालं, ह्याला धरा आधी. भिकाआबांनी मात्र खांद्यावरची घोंगडी काढली, तिची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. ते बघवत नव्हतं.

बोलली ती सून. आतापर्यंत तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. वय माझ्याहून फार जास्त नसेल. पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत ती अब्बांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

‘मग नाव कुटनं आनलं?’ तिनं विचारलं.

‘तोंडात आलं, बेटा. काय सांगू?’

‘म्हंजी तुमच्याच तोंडातनं आलं न्हवं?’

‘हो.’

‘आमच्यात नाव आत्या ठेवती,’ ती म्हणाली. ‘मालकाला भन न्हाय, सख्खी न्हाय, चुलत न्हाय. बारशाला शेजारीन उसनी आनली हुती. आता कळलं, नाव कुनी ठेवलं ते.’ आणि तिनं पोराला अब्बांच्या मांडीवर ठेवलं. ‘घ्या. कानात सांगा. नीट सांगा, आडखळू नका.’

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग कुंभारीच्या एका म्हातारीला खुदकन हसू फुटलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते तेव्हा जमलेल्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात, हे काही कुणाला शिकवायला नको. म्हातारी कमरेला पदर खोचूनच पुढे आली. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं, मग वाकून त्या एवढ्याशा कानाशी तोंड नेलं आणि म्हणाले, ‘कुर्रऽऽ, सुभाना.’ त्यांनी ‘सुभाना’ म्हणायचा अवकाश, पाठीत धपाटा बसला. दुसरा बसला. मग तिन्ही गावं लोटली. बायांनी घातले ते रीत म्हणून, पुरुषांनी घातले ते राग म्हणून, आणि उजनीच्या त्या शिव्या देणाऱ्यानं घातला तो तर जीपपर्यंत ऐकू गेला असेल. मीही एक घातला. अब्बा ‘हाय अल्ला’ म्हणत पोराला सांभाळून वाकलेले, हसतायत की रडतायत कळत नव्हतं, आणि पोर त्यांची दाढी धरून बसलेलं. हलगी आपोआप सुरू झाली. मारून झाल्यावर माणसाचा राग राहत नाही, निदान आमच्याकडे तरी नाही. ट्रॉलीतली केळी सगळ्यांत वाटली गेली.

कारभाऱ्यांनी विचारलं, की आता तलवारीचं काय करायचं? भिकाआबा इतक्या वेळानं बोलले. ‘कुनाची तरी हाईच की ती. बिनहळदीची कशाला ठिवायची?’ मग ज्याला लावायची त्यानं हळद लावली. कारभारी अब्बांना एवढंच म्हणाले, की फाटक उघडं राहील, पण त्या कोपऱ्यात पुन्हा गोष्ट नको.

अब्बांनी तो शब्द पाळला. बाकी सगळीकडे त्यांची जीभ सैलच राहिली, भुईकोटाच्या खंदकात त्यांनी पुढं एक मगरही सोडली. पण त्या तलवारीपुढे ते नुसतं म्हणत, ‘कुणाची, माहीत नाही.’ मी नीट पाहिलंय, त्यानंतर लोक तिच्यापुढे आधीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागले. कशामुळे, ते मला आजही सांगता येत नाही.

आत्यापण मात्र गळ्यात पडलं ते पडलंच. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं, ‘अच्छा हुआ’ म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी अंगडं-टोपडं शिवायला बसली, कारण आत्यानं भाच्याला रिकाम्या हातानं भेटायचं नसतं. दरवर्षी एक जोड नातेपुत्याला जाई. तिकडून कधी घोंगडी येई, कधी मडक्यातलं लोणी. सुभानाच्या लग्नात आत्याचा मान म्हणून अब्बांना भर मांडवात साडीचोळी दिली. अब्बांनी ती डोक्याला लावून घेतली. ईदला अम्मी तीच साडी नेसली आणि कुणी विचारलं तर तोंड भरून सांगायची, की मेरे मियाँ को मायके से आयी.

अब्बा गेले ते म्हातारे होऊन, आपल्या माणसांत, अंथरुणावर फार न पडता. निरोप कुणी कुणाला दिला ठाऊक नाही. जनाजा उचलायच्या वेळी गल्लीत एक मोटारसायकल येऊन थांबली. तांबडा पटका बांधलेला, दाराच्या चौकटीएवढा उंच माणूस, रडून रडून डोळे सुजलेले. गर्दीतून वाट काढत तो पुढे यायला लागला तसं मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी त्याला थांबवलं आणि अदबीनं विचारलं, की मय्यत तुमचे कोण लागत होते?

‘मी भाचा,’ सुभाना म्हणाला. ‘माजी आत्या हुती ती.’

ते गृहस्थ मग बाजूला सरकले आणि त्यांनी त्याला खांद्यासाठी जागा करून दिली.